गाडीचा हीटर तापत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हीटरला गरमी येते कुठून?

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी गाडीत केबिन तापवायला वेगळं काही जळत नाही. इंजिन तापतं, त्याच्याभोवती फिरणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) तापतं आणि त्यातलं थोडं कूलंट दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. त्याला हीटर कोर म्हणतात, काही मेकॅनिक हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमधला पंखा, त्या कोरवरून हवा ढकलतो आणि ती पायाशी, काचेवर किंवा तोंडावर येते.

म्हणजे तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. कूलंट तापलं पाहिजे, ते कोरपर्यंत पोचलं पाहिजे आणि हवा त्या कोरवरूनच गेली पाहिजे. तक्रार कशीही सांगितली तरी बिघाड या तिघांपैकी एकात निघतो. कुठल्या, हे कळायच्या आधी पार्ट विकत आणू नका. हीटर कोर काढायला पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तो उतरवल्यावर दोष थर्मोस्टॅटचा (कूलंटला मोठ्या रेडिएटरची वाट उघडणारा-बंद करणारा भाग) होता असं कळणं फार महागात पडतं.

गरम हवा यायला किती वेळ लागणं साहजिक आहे?

बाहेर शून्याच्या आसपास असेल तर पेट्रोल गाडीला चालत्या स्थितीत ५ ते १० मिनिटं लागतात, डिझेलला त्याहून जास्त. कूलंट ५० अंशांच्या पुढे गेलं की हवा कोमट लागायला लागते. इंजिनाचं नेहमीचं तापमान साधारण ८५ ते १०५ अंश असतं. तिथे पोचल्यावर, तापमानाची नॉब पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवून पायाकडच्या जाळीत स्वयंपाकाचा थर्मामीटर धरला तर ५० ते ६० अंश दिसायला हरकत नाही. २० मिनिटं गाडी चालवूनही तो आकडा तिशीत घुटमळत असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय.

ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या गाड्यांत सुरुवातीला ब्लोअर फिरतच नाही किंवा अगदी हळू फिरतो. कूलंट तापेपर्यंत थंड हवा अंगावर मारू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

निघायच्या आधी गाडी उभ्या उभ्या तापवावी का?

आयडलिंगवर इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे उष्णताही कमी तयार होते. डिझेल तर कडाक्याच्या थंडीत अर्धा तास उभं ठेवलं तरी तापमानाचा काटा धड हलत नाही. अर्धं-एक मिनिट चालू ठेवा, काचा साफ करा आणि निघा. पहिले काही किलोमीटर इंजिन जोरात रेस न करता चालवा.

पहिली पाच मिनिटं ब्लोअर फुल ठेवायचा मोह आवरा. जेमतेम कोमट झालेल्या कोरवर जोरात गार हवा मारली की कूलंटमधली थोडीशी उष्णताही निघून जाते आणि इंजिन आणखी उशिरा तापतं. काचेपुरता हळू ब्लोअर ठेवा, काटा हलला की वाढवा.

बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून गाडी तापवू नका, शटर अर्धं उघडं असलं तरीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बिघाड शोधायला सुरुवात कुठून करायची?

बॉनेट उघडा आणि इंजिन व केबिनमधल्या पत्र्याकडे बघा. त्या पत्र्यातून आत जाणारे अंगठ्याएवढे जाड दोन रबरी पाइप शेजारी शेजारी दिसतील. हेच हीटरचे पाइप: एक कोरकडे जाणारा, एक परत येणारा. गाडी १५-२० मिनिटं चालवून आणा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मधल्या वेगावर ठेवा, मग दोन्ही पाइपांना हात लावून बघा. पंखा आणि बेल्टपासून बाह्या, ओढणी, मफलर दूर ठेवा. पाइप चटका देण्याइतके तापलेले असू शकतात, म्हणून आधी बोटाचं टोक लावा, मूठ नंतर.

दोन्ही पाइप हात ठेववणार नाही इतके गरम असतील तर पाण्याची बाजू ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला, म्हणजे झडपा, फिल्टर किंवा ब्लोअरमध्ये. एक कडक गरम आणि दुसरा कोमट असेल तर कोर चोक झालाय किंवा त्यातून प्रवाह फार कमी आहे. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच तापत नाहीये, बहुतेक वेळा थर्मोस्टॅट. दोन्ही गार आणि काटा मात्र मध्यावर असेल तर कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंदच राहिलाय. हा व्हॉल्व्ह सगळ्या गाड्यांत नसतो. असला तर याच पाइपांपैकी एकावर बसवलेला असतो आणि केबल, व्हॅक्यूम किंवा विजेवर चालतो.

ही दोन मिनिटांची तपासणी आहे, हत्यार एकही लागत नाही. तरी ती वगळून थेट पार्ट बदलले जातात.

कूलंट कमी झालं तर हीटर का बंद पडतो? इंजिन तर गरम होत नाहीये.

कारण हीटर कोर बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या वाटेवरच्या उंच जागी असतो. कूलंट घटलं की आधी वरची जागा रिकामी होते आणि तिथे हवा जाऊन बसते. इंजिनाला अजून पुरेसं मिळत असतं, म्हणून काटा शांत असतो आणि पायाशी मात्र गार हवा. कूलंट कमी झाल्याची पहिली चिठ्ठी हीटरच पाठवतो म्हणा ना. ती वाचली नाही तर पुढची चिठ्ठी इंजिन गरम होण्याची.

इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीवरच्या किमान आणि कमाल या दोन खुणांमध्ये पातळी आहे का बघा. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. आत दाब असतो, तो सुटला की शंभर अंशांच्या पुढचं कूलंट थेट तोंडावर उडतं.

बंद सिस्टिममधलं कूलंट आपोआप संपत नाही. वर्षभरात किंचित उतरलं तर चालेल, पण महिन्या-दोन महिन्यांनी भरावं लागत असेल तर गळती आहे. पाइपांचे क्लिप, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचे जोड, वॉटर पंपाखालचं छोटं भोक आणि पुढच्या सीटखालचं कारपेट, एवढं बघा. बाहेर कुठेच थेंब नाही आणि तरी पातळी उतरतेय, टाकीत बुडबुडे येताहेत, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबत नाही, असं असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचे दोन भाग सील करणाऱ्या पट्टीचा) संशय घ्या. गॅरेजमध्ये टाकीच्या तोंडाशी निळं द्रव ठेवून चाचणी करतात. इंजिनातला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते द्रव पिवळं पडतं.

डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. काय आहे ते?

हवा अडकलीय. गाडी चालू केल्यावर किंवा रेस दिल्यावर आवाज वाढतो. कूलंट बदलल्यानंतर किंवा पाइप काढल्यानंतर हे हमखास होतं. हवा काढायची पद्धत गाडीगणिक बदलते, पण गाभा असा:

१. इंजिन गार असताना गाडीचं तोंड चढावर येईल अशी उभी करा, म्हणजे भरण्याचं तोंड सगळ्यात वर येईल. हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड किंवा ठोकळे लावा.
२. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर हळू.
३. झाकण उघडं ठेवून कमाल खुणेपर्यंत कूलंट भरा. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हीटरच्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. बुडबुडे थांबून सलग धार आली की लगेच बंद करा.
४. इंजिन चालू करा. वरचा जाड पाइप हलक्या हाताने दाबत राहा, पातळी उतरली की भरत राहा. मध्येच दोन हजार आरपीएमवर अर्धं मिनिट धरा.
५. कूलंट तापून वर चढायला लागायच्या आत झाकण लावा. मग रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.
६. रात्रभर गार होऊ द्या. सकाळी पातळी पुन्हा उतरलेली असते, तेवढी भरा.

सहावी पायरी विसरली की दुसऱ्या दिवशी हीटर पुन्हा गार आणि दोष मात्र नव्या थर्मोस्टॅटला. काही गाड्यांत विजेवर चालणारा पंप असतो किंवा कूलंट व्हॅक्यूमने भरावं लागतं. तिथे मॅन्युअल सांगेल तसंच करा, अंदाजाने हवा निघत नाही.

थर्मोस्टॅट खराब झालाय हे कसं ओळखायचं?

थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारा दरवाजा. इंजिन गार असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि कूलंट फक्त इंजिन व हीटर कोर यांच्यात फिरतं, म्हणून केबिन लवकर तापते. आतलं मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगतं आणि दरवाजा उघडतं. तो उघडाच अडकला तर पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरत राहतं. थंडीत, त्यात हायवेवर, समोरून येणारा वारा ते तापूच देत नाही.

खूण अगदी ठळक असते: ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो, हायवेला लागलं की खाली येतो, आणि हीटरही त्याच्याबरोबर गार-गरम होतो. ॲव्हरेजही घटतं, कारण कॉम्प्युटरला इंजिन गारच वाटतं आणि तो इंधन जास्त सोडतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर पी०१२८ हा कोड बहुधा याचाच.

काट्यावर फार विसंबू नका. नव्या गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो; कूलंट ७५ वर असो की १००, काटा मध्यावरच. स्कॅनरवरचा खरा आकडा बघा. स्कॅनर नसेल तर गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला हात लावा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो बराच वेळ गार राहतो आणि मग एकाएकी तापतो. इंजिनाबरोबर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर दरवाजा उघडा आहे. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे ही परीक्षा खालच्या पाइपावर करा.

काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यात तपासता येतो. त्याच्यावर कोरलेला आकडा वाचा, ८२ किंवा ८८ असं काहीतरी असेल. दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर बुडवून पाणी तापवा. त्या आकड्याच्या आसपास चकती उचलायला लागली पाहिजे आणि १०-१५ अंश पुढे गेल्यावर पूर्ण उघडली पाहिजे. गार पाण्यातच प्रकाशाची फट दिसत असेल तर चाचणीची गरजच नाही. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

नवा आणताना कंपनीने दिलेल्या तापमानाचाच आणा. इंजिन थंड राहील म्हणून कमी आकड्याचा बसवला की हीटर कायमचा मंद झाला म्हणून समजा. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवायची जुनी सवय तर अजिबात नको.

गाडी चालताना हवा गरम येते, सिग्नलला थांबलं की गार. का?

कमी आरपीएमवर कोरमधून पुरेसं कूलंट जात नाही. पहिला संशय कमी कूलंट किंवा अडकलेली हवा, दुसरा अर्धवट चोक कोर, तिसरा वॉटर पंप. पंपाची पाती गंजून झिजतात; प्लास्टिकची असतील तर दांड्यावर सैल होऊन घसरतात. बाहेरून पंप फिरताना दिसतो, थेंबही गळत नाही, पण पाणी ढकलत नाही. उभ्या गाडीत दोन हजारांपर्यंत रेस देऊन पाहा. अर्ध्या मिनिटात हवा गरम झाली तर प्रश्न प्रवाहाचा आहे हे नक्की.

हीटर कोर चोक झालाय. साफ करता येतो का?

बहुतेक वेळा येतो. दोन्ही पाइप पत्र्याजवळ सोडवा आणि परतीच्या तोंडातून स्वच्छ पाणी उलटं सोडा, म्हणजे गाळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने निघतो. गंजकट तांबडं पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत सोडत राहा, मग दिशा बदला, पुन्हा उलटं. नळाचा पूर्ण दाब देऊ नका: कूलंटच्या झाकणावर साधारण १ ते १.५ बार लिहिलेलं असतं, नळाला त्याहून जास्त दाब असू शकतो आणि जुना कोर फुटतो. पाइप ओढून काढतानाही जपा. चिकटलेला पाइप पिळला की कोरची नळी वाकते. हट्टी पाइप उभा चिरून नवा घालणं स्वस्त पडतं. शेवटी आतलं साधं पाणी फुंकून काढा, नाहीतर ते नव्या कूलंटमध्ये मिसळून मिश्रण पातळ होतं.

कोर चोक का झाला, हे शोधल्याशिवाय थांबू नका. नळाचं क्षारयुक्त पाणी, दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र केल्यावर धरलेला चिकट गाळ, आणि गळती बंद करणारी पावडर, हे तीन नेहमीचे गुन्हेगार. ती पावडर रेडिएटरचं भोक बुजवते तशीच कोरच्या बारीक नळ्याही बुजवते.

दोन्ही पाइप कडक गरम आहेत, तरी हवा गार येते.

डॅशबोर्डच्या आत गरम आणि गार हवा मिसळणारी झडप असते. नॉब फिरवली की ती केबलने किंवा छोट्या मोटरने हलते. केबल क्लिपमधून निसटली तर नॉब एकदम सैल फिरते. ग्लोव्ह बॉक्स काढून पुन्हा बसवता येते. मोटरच्या गाडीत आतले प्लास्टिकचे दाते तुटतात आणि गाडी चालू केल्यावर काही सेकंद टक-टक-टक आवाज येतो. तो आवाज ऐकला असेल तर निदान जवळजवळ झालंच.

आवाज नसेल तर मोटर वाट चुकली असू शकते, विशेषतः बॅटरी बदलल्यानंतर. बऱ्याच गाड्यांत क्लायमेट कंट्रोलचा फ्यूज काही मिनिटं काढून परत लावला आणि कुठल्याही बटणाला हात न लावता इग्निशन एक-दोन मिनिटं चालू ठेवलं, की झडपा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आपली जागा नव्याने शिकतात.

ड्रायव्हरकडे गरम, शेजारी गार. असं कसं?

दोन बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत दोन वेगळ्या झडपा असतात, त्यातली एक अडकली असेल. पण मोटर बदलायच्या आधी कूलंटची पातळी बघा. कोर अर्धाच भरला किंवा अर्धाच चोक झाला तरी असंच होतं.

हवा गरम आहे, पण जोरच नाही.

केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, दहा मिनिटांचं काम. वर्षातून एकदा किंवा १५ हजार किलोमीटरला बदला, धुळीत त्याआधी. बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने हवा. वायपरखालच्या जाळीत अडकलेला पाचोळाही काढा.

ब्लोअर फक्त शेवटच्या वेगावर चालतो, बाकीच्या वेगांवर मुका? मग रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) जळलाय. त्याचा प्लगही वितळलेला नाही ना, ते बघा. वितळलेल्या प्लगवर नवा रेझिस्टर लावला तर तोही जातो.

हीटर लावला की काचेवर वाफ धरते आणि गोडसर वास येतो.

कोर गळतोय. ती वाफ पुसली की बोटाला तेलकट लागते आणि कारपेट ओलं राहतं. साध्या दमटपणाची वाफ तेलकट नसते. ती घालवायला बाहेरची हवा चालू ठेवा, रिसर्क्युलेशन बंद करा आणि एसी लावा. एसी हवा कोरडी करतो, गरम हवेबरोबरही चालतो. मात्र बाहेर गोठणबिंदूच्या आसपास गाडी कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही.

गळका कोर बदलेपर्यंत दोन्ही पाइप एकमेकांना जोडून बायपास करता येतं. हीटर बंद राहील, गाडी चालेल. पण समोरची काच साफ करायचं साधनही त्याबरोबर जातं, म्हणून फार दिवस तसं ठेवू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात.

कूलंट जितकं घट्ट तितकं चांगलं ना?

नाही. ५०:५० मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल मात्र उणे १३ च्या आसपासच गोठतं. शिवाय त्याची उष्णता वाहून नेण्याची ताकद पाण्याच्या निम्म्याच्या जवळपास, म्हणजे हीटर आणखी मंद. अर्धं कूलंट, अर्धं डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी. बाटलीवर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. रंगावरून जात ओळखू नका, मॅन्युअलमधलं मानक बघा.

माझी नवी डिझेल गाडी जुन्या पेट्रोलपेक्षाही उशिरा तापते. बिघाड आहे का?

बहुधा नाही. डिझेल इंजिन इंधनातली उष्णता कमी वाया घालवतं, आणि केबिन तापते ती या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच. म्हणून पुष्कळ डिझेल गाड्यांत कोरच्या पुढे विजेवर तापणारी जाळी असते, तिला पीटीसी म्हणतात, साधारण एक किलोवॅटची. बाहेर थंडी, कूलंट गार आणि अल्टरनेटरला पुरेशी ताकद असेल तेव्हाच ती लागते. आधीच्या हिवाळ्यात दोन मिनिटांत कोमट हवा यायची आणि आता येत नाही, असं असेल तर तिचा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) तपासा. बॅटरी कमजोर झाली तरी गाडी तिला वीज देत नाही.

हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाडीत काय वेगळं?

हायब्रीडमध्ये हीटर मागितला की इंजिन अधूनमधून फक्त कूलंट तापवायला सुरू होतं. तो दोष नाही. इको मोडमध्ये ते कमी वेळा सुरू होतं, म्हणून हवा कोमटच राहते.

इलेक्ट्रिक गाडीत काही किलोवॅटचा पीटीसी हीटर किंवा हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा) असतो. पीटीसी लवकर तापतो पण रेंज खातो. हीट पंप कमी वीज घेतो, मात्र कडाक्याच्या थंडीत त्याचा जोर उतरतो. चार्जर लावलेला असतानाच केबिन तापवून घ्या. पुढे सीट आणि स्टीअरिंग हीटरवर भागवा. सीट हीटरला शंभर वॉटच्या आतबाहेर लागतात. अजिबात गरम होत नसेल तर घरी खोलू नका, नारिंगी वायरींमध्ये शेकडो व्होल्ट असतात.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला तर?

इंजिन लवकर तापतं हे खरं. पण थर्मोस्टॅट ठीक असेल तर गार इंजिनात रेडिएटरकडे कूलंट जातच नाही, मग पुठ्ठ्याचा फायदा फक्त बॉनेटखालचा वारा अडवण्यापुरता. पुठ्ठ्याने मोठा फरक पडला तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचंच ते लक्षण. लावायचाच तर अर्ध्या भागावर, नजर काट्यावर, आणि ऊन पडलं की काढा. काही गाड्यांत जाळीमागे आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या असतात; त्या उघड्या अडकल्या आहेत का, किंवा रिले चिकटून रेडिएटरचा पंखा गार इंजिनातही फिरतोय का, ते आधी बघा.

गॅरेजला नेताना काय सांगायचं?

"हीटर चालत नाही" एवढंच सांगू नका. किती मिनिटं चालवल्यावर काटा कुठे होता, दोन पाइपांपैकी कुठला गरम होता, थांबल्यावर आणि चालताना काय फरक पडतो, शेवटचं कूलंट कधी आणि कुठलं घातलं, टकटक किंवा खळखळ येते का, एवढं लिहून न्या. गाडी आदल्या रात्रीच तिथे नेऊन ठेवता आली तर उत्तम, कारण थर्मोस्टॅटची खरी परीक्षा गार इंजिनावरच होते आणि तुम्ही चालवत नेलेली गाडी तापलेलीच पोचते.